फिरता गडी

सोलापूरहून निघालं की मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापुरात पोचेपर्यंत ऊन कलतं. स्टँडवर रिक्षात बसावं, तर रिक्षावाला पत्त्याआधी विचारतो, ‘‘पावणं, कुठल्या तालमीचं?’’ आता याला काय सांगणार? आमचं गाव क्रिकेटपटू पॉली उम्रीगरांचं जन्मगाव. पार्क मैदानाकडे निघालेल्या पोराच्या हातात बॅटच असणार.

मामाच्या घरी माळ्यावर आजोबांचे बूट आहेत. चामडं वाळून कडक झालेलं, तळाच्या खिळ्यांना गंज. आजोबा ज्या तालमीकडून खेळले, तिच्याकडूनच मामा खेळला, आता त्याचा थोरला खेळतो. संघ निवडायची वेळ या घरात कुणावर आलीच नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही मुळात कुस्तीच्या तालमींची नावं. शाहू स्टेडियमवर ती फुटबॉल खेळतात आणि जिंकली की पेठेत हलगी वाजते. या घरातला खेळाडू गुडघा गेला तरी तालीम सोडत नाही. मामाचा गेलाच आहे. सामन्याच्या दिवशी तो फक्त जिना हळू उतरतो.

अशा गावातून अनिकेत जाधव निघाला. वडील रिक्षाचालक. पोरगा लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि 2017 च्या ऑक्टोबरात, सतराव्या वर्षी, दिल्लीत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. फिफाच्या विश्वचषकात भारत उतरण्याची ती पहिलीच वेळ. अमेरिकेकडून 3-0, कोलंबियाकडून 2-1, घानाकडून 4-0 अशा तिन्ही सामन्यांत हार झाली, पण पेठांना त्याचं काय! पुढे इंडियन अ‍ॅरोज, मग जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा. 2022 मध्ये हैदराबादनं इंडियन सुपर लीग जिंकली त्या हंगामात तो त्याच संघात होता. तरी पुढच्याच हंगामात कोलकात्याचा ईस्ट बंगाल. नवी खोली, नवा प्रशिक्षक, जेवणाच्या टेबलावर नवी भाषा. वर्तमानपत्रात याची एका ओळीची बातमी येते: ‘करारबद्ध’. मला तो शब्द कधीच आवडला नाही. गडी बांधला जातोय तो जेमतेम हंगामापुरता.

मामाला हे हिंडणं पटत नाही. ‘‘दरसाली जर्सी बदलायची? मग पोरानं हरल्यावर रडायचं कुणासाठी?’’

मला मात्र ते ओळखीचं वाटतं. सोलापुरात आमच्या पूर्व भागात शेजारचे काका चाळीस वर्षं यंत्रमागावर आहेत. किती कारखाने झाले, त्यांनाही मोजता येणार नाहीत. मालक बदलतो, मागाची खोड बदलते. तुटलेला धागा मात्र ते दोन बोटांत धरून, न बघता, तस्साच गाठतात. खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून घरीही मोठ्यानं बोलतात.

परवा ओट्यावर त्यांना मोबाइलवर अनिकेतची धाव दाखवली. उजव्या कडेनं सुटलेला, मागे दोघं. काकांनी मोबाइल जवळ घेतला, तुकडा दोनदा पाहिला. गोल झाला की नाही, हे काही विचारलं नाही.

‘‘याला पगार महिन्याचा असतो,’’ ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘का नगावर?’’