हरलेल्या कौलाचा अर्थ कोणी सांगायचा?

संपादकांचा निरोप थोडक्यात होता : महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात सार्वमत घेता येईल का, ते वाचकांना समजेल अशा भाषेत लिहा. मी होकार दिला, पण एक अट घातली. घेता येईल का, याचं उत्तर चार ओळींत संपतं. घेतल्यावर जी बाजू हरते, तिचे पुढारी लोकांना काय सांगतात आणि लोक ते ऐकून काय करतात, हा खरा विषय आहे. त्यावर लिहू दिलं तर लिहिते.

राज्यघटना शिकवण्यात माझं नोकरीचं सगळं आयुष्य सोलापुरात गेलं. एवढ्या काळात कोणत्याही न्यायनिवाड्यापेक्षा जास्त टोचलेला प्रश्न मला 2022च्या हिवाळ्यात ऐकायला मिळाला. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी आधी जत तालुक्यातल्या गावांवर आणि मग अक्कलकोट-सोलापूरच्या कन्नडभाषक भागावर हक्क सांगितला होता. दूरचित्रवाणीच्या गाड्या अक्कलकोट तालुक्यात फिरत होत्या, गावोगावच्या ठरावांची चर्चा होती. त्याच तालुक्यातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक भेटायला आले. घरी कन्नड बोलणारे, जन्मभर मराठी शाळेत शिकवलेले. म्हणाले, "मॅडम, गोव्याला विचारलं. आम्हांला कोणी का विचारत नाही?"

कायद्याचं उत्तर मी त्यांना दिलं, ते इथंही देते, कारण त्याबाबतीत फार गैरसमज आहेत. आपल्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. तरीही दर काही महिन्यांनी एखादा वक्ता "घटनेनं दिलेला सार्वमताचा हक्क" असं व्यासपीठावरून ठोकून सांगतो आणि टाळ्या घेतो, याचा मला मनापासून त्रास होतो. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद 3 नुसार संसदेचा आहे. एखाद्या राज्याची सीमा बदलायची असेल, तर राष्ट्रपतींनी त्या राज्याच्या विधिमंडळाकडे विधेयक मतासाठी पाठवायचं असतं. ते मत संसदेवर बंधनकारक नसतं. इतकंच नाही, मत मागवल्यानंतर संसदेनं विधेयकात मोठा बदल केला, तरी ते पुन्हा पाठवावं लागत नाही. हे सर्वोच्च न्यायालयानं 1959 साली बाबूलाल पराते खटल्यात सांगितलं. तो खटला आपलाच होता. महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई अशा त्रिभाजनावर विधिमंडळाचं मत मागवलं गेलं आणि संसदेनं शेवटी द्वैभाषिक मुंबई राज्य केलं. जिथं विधिमंडळाच्या मताचं वजन एवढंच, तिथं गावाच्या ठरावाचं कायद्यातलं वजन किती, हे वाचकांनी ओळखावं.

मग गोव्याला कसं विचारलं? संसदेनं त्यासाठी 1966 साली खास कायदा केला म्हणून. गोवा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता. मुक्तीनंतरच्या पहिल्या, डिसेंबर 1963च्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष जिंकला आणि दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात विलीनीकरण हा त्या पक्षाचा मुख्य कार्यक्रम. त्यामुळे आम्हांला मत म्हणजे विलीनीकरणाला मत, असा अर्थ पक्षानं लावला. 1965 साली गोव्याच्या विधानसभेनं विलीनीकरणाचा ठरावही केला. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचं म्हणणं असं की, सरकार निवडणं वेगळं आणि प्रदेशाचं अस्तित्व ठरवणं वेगळं, तेव्हा हा प्रश्न लोकांना स्वतंत्रपणे विचारा. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून डिसेंबर 1966 मध्ये बांदोडकर सरकार पायउतार झालं आणि राष्ट्रपती राजवट आली. 16 जानेवारी 1967 रोजी मतदान झालं. विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. फरक 34,021.

इथं मला जरा थांबावं लागेल, कारण हा माझा जुना वादाचा मुद्दा आहे आणि वकीलमित्र त्यावर माझ्याशी आजही भांडतात. हा कौल बंधनकारक होता का? माझं उत्तर : कायद्यानं नाही. 1966चा कायदा लोकांची इच्छा जाणून घेण्यासाठी होता. संसदेचा अनुच्छेद 3 खालचा अधिकार त्यानं बांधला जाणं शक्यच नव्हतं, कारण साधा कायदा घटनेनं दिलेला अधिकार आकुंचित करू शकत नाही. फुलाला बहुमत मिळालं असतं, तरी विलीनीकरणासाठी संसदेला वेगळा कायदा करावाच लागला असता. पण याच्या पुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे आणि तो सहसा सुटतो. मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते. गोव्याचं स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय तिच्यावर नव्हता. ते राज्य 30 मे 1987 रोजी आलं, म्हणजे वीस वर्षांनी. ज्यांना स्वतंत्र राज्य हवं होतं, त्यांनाही दोन पानांवरच खूण करावी लागली. म्हणून दोन पानांच्या 1,72,191 मतांतून एकच एक भावना वाचणं चूक आहे. ज्या प्रश्नाला उत्तर मागितलं, तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं. बाकीचा अर्थ वरून चढवलेला असतो.

आणि तो चढवण्याचं काम निकाल लागल्याबरोबर सुरू होतं.

महाराष्ट्रात गोव्याच्या निकालाची जी कारणं मी विद्यार्थीदशेपासून ऐकत आले, ती साधारण तीन. पहिलं, कॅथलिक समाजानं एकगठ्ठा विरोध केला. दुसरं, भाटकारांनी, म्हणजे जमीनदारांनी, आणि पैसेवाल्यांनी लोकांना फिरवलं. तिसरं, दिल्लीला हेच हवं होतं. या तिन्ही कारणांत सत्याचा अंश असेलही. पण पहिल्या कारणाचं गणित कोणी मांडत नाही. गोव्यात हिंदू बहुसंख्य होते, ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती, आणि विलीनीकरणाला झालेल्या मतदानाच्या 43.5 टक्के मतं पडली. सगळे ख्रिस्ती मतदार दोन पानांकडे गेले असं धरलं, तरी तेवढ्यानं निकाल लागत नाही. हजारो हिंदूंनी, त्यांत घरात मराठी ग्रंथ वाचणाऱ्या आणि देवळात मराठी आरत्या म्हणणाऱ्या माणसांनीही, दोन पानं निवडली असली पाहिजेत. विलीनीकरणाविरुद्धची एक मोठी लढाई तर मराठीतूनच लढली गेली. 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक, आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर वाचून लोकांनी मतं बनवली. म्हणून "गोव्यानं मराठीला नाकारलं" हे वाक्य मला दुखावतं. त्यानं गोव्यातल्या मराठीवर अन्याय होतो आणि आपल्यालाही निकालातून काही शिकता येत नाही.

शिकण्यासारखं पुष्कळ होतं. मगो पक्षामागे उभा राहिलेला बहुजन, कूळ आणि मुंडकार (जमीनदाराच्या जमिनीवर घर करून राहणारे) यांना महाराष्ट्र म्हणजे कसेल त्याची जमीन असं वाटत होतं, आणि ती आशा रास्त होती. पण मतपत्रिकेवर कुळकायदा नव्हता. मतपत्रिकेवर पणजीची राजधानी ठेवायची की जिल्ह्याचं ठिकाण व्हायचं, हा प्रश्न होता. आपली विधानसभा ठेवायची की मुंबईच्या मोठ्या विधिमंडळात मूठभर आमदार पाठवायचे, हा प्रश्न होता. छोट्या प्रदेशातल्या माणसाला स्वतःचं सरकार हाताशी असण्याचं मोल काय वाटतं, हे महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना उमगलं नाही, असं माझं मत आहे. आणि कुळांना न्याय द्यायला विलीनीकरण अटळ नव्हतं, हेही पुढं दिसलं. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आणि कुळांना मालकी देणारी दुरुस्ती गोव्याच्याच विधानसभेनं सत्तरीच्या दशकात, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना केली.

आता लोकांनी काय केलं ते पाहा. कौल हरल्यावर मगो पक्ष संपला असं विरोधकांनी धरलं असेल, तर त्यात नवल नव्हतं. पण मार्च 1967च्या अखेरीस, म्हणजे कौलानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, विधानसभेची निवडणूक झाली आणि तीसपैकी सोळा जागा जिंकून मगो पक्ष पुन्हा सत्तेवर आला. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि 1973 साली निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. मतदारांनी सरळ दोन निर्णय दिले : विलीनीकरण नको, भाऊसाहेब हवेत. 1963च्या विजयातून मगो पक्षानं जो जास्तीचा अर्थ काढला होता, तो कौलानं काढून टाकला. आणि कौलाच्या विजयातून सिक्वेरांच्या पक्षानं सत्तेचा अर्थ काढला असेल, तर तो निवडणुकीनं काढून टाकला. दोन प्रश्न वेगळे असतात, हे संसदेतल्या विद्वानांना समजायच्या आधी काणकोण-पेडण्यातल्या मतदाराला समजलं होतं. माझ्या विषयातली मला सर्वांत अभिमानाची वाटणारी घटना कोणती, असं विद्यार्थी विचारत तेव्हा मी हीच सांगत असे.

जगात याच्या उलट उदाहरणं हवी तेवढी सापडतात. केनियात 21 नोव्हेंबर 2005 रोजी नव्या राज्यघटनेवर सार्वमत झालं. होकाराची खूण केळं, नकाराची संत्रं. नकार जिंकला. अध्यक्ष म्वाई किबाकी यांनी दोन दिवसांत सगळं मंत्रिमंडळ बरखास्त केलं. विरोधकांनी त्या संत्र्याच्याच नावानं पक्ष उभा केला आणि घटनेचा प्रश्न नेत्यांच्या भांडणात अडकून राहिला. केनियाला नवी घटना 2010 साली मिळाली. फ्रान्समध्ये 29 मे 2005 रोजी युरोपच्या राज्यघटनेला सुमारे 55 टक्के लोकांनी नाही म्हटलं. लोकांना विषय समजला नाही, रागाच्या भरात मत दिलं, असं सांगितलं गेलं. मग तोच बराचसा मजकूर लिस्बनच्या करारात आला आणि फ्रान्सनं तो 2008 साली लोकांना न विचारता संसदेतून मंजूर केला. कायद्यानं त्यात खोट काढता येत नाही. पण विचारून उत्तर बाजूला ठेवलं, याचा राग त्या देशात अजून शमलेला नाही. त्याच देशात 1969 साली चार्ल्स द गॉल सार्वमत हरले आणि दुसऱ्याच दिवशी पायउतार झाले. त्यांनी मतदारांची समजूत काढली नाही आणि त्यांना दोषही दिला नाही.

या साऱ्याचा धागा माझ्या मते एकच आहे. हरलेला पुढारी जेव्हा लोक का चुकले हे सांगायला लागतो, तेव्हा लोक ऐकणं थांबवतात. आम्ही प्रश्न नीट मांडला का, लोकांची भीती आम्हांला कळली का, हे त्यानं सांगितलं तर लोक त्याला पराभवानंतरही जवळ करतात.

आता सीमाभाग. गोव्याच्या कौलाच्या तीन महिने आधी, ऑक्टोबर 1966 मध्ये, केंद्रानं सीमाप्रश्न न्या. मेहरचंद महाजन यांच्या एकसदस्य आयोगाकडे सोपवला. गोव्यात लोकांना विचारलं आणि आपल्याकडे एका न्यायाधीशाला, त्या शिक्षकांच्या मनातलं शल्य हेच होतं. महाजन आयोगानं 1967 साली बेळगाव म्हैसूर राज्यात ठेवलं आणि अक्कलकोट तालुक्यासह 247 गावं त्या राज्याला द्यायला सांगितली. आपण अहवाल नाकारला. महाराष्ट्राची भूमिका खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांची होती. त्यानुसार महाराष्ट्रानं 814 गावं मागितली आणि कन्नडबहुल 260 गावं द्यायची तयारी दाखवली. यातला दुसरा भाग आपल्याकडच्या सभांत ऐकायला मिळत नाही. लोकेच्छेचं तत्त्व बेळगावला लावायचं तर ते अक्कलकोटलाही लागतं. 2004 साली महाराष्ट्रानं दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तिथं निकाल कायद्याच्या मुद्द्यांवर लागेल.

संसदेनं उद्या खास कायदा करून आमच्या भागात कौल घ्यायचं ठरवलं, तर मला तो हवा असेल का? याचं उत्तर देताना मी अडखळते. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात. सिद्धेश्वराच्या यात्रेला सगळे येतात. स्वातंत्र्यलढ्यात जानेवारी 1931 मध्ये फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांची नावंच या शहराची ओळख सांगतात. दोन खुणांची मतपत्रिका अशा घरांत गेली तर ती प्रत्येक उंबऱ्यावर एक रेघ ओढेल, आणि निकालानंतर पुढारी तीच रेघ गडद करतील, ही माझी भीती आहे. तरी लोकांना विचारूच नये, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गोव्यानं विचारण्यातून मिळवलेली प्रतिष्ठा मी आयुष्यभर शिकवली आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच. सीमाभागात सार्वमत घ्या, अशी मागणी करणाऱ्या दोन्ही राज्यांतल्या प्रत्येक पुढाऱ्यानं आधी तीन गोष्टी लेखी द्याव्यात : प्रश्न नेमका काय असेल, पर्याय कोणते असतील, आणि आपली बाजू हरली तर आपण काय करू. तिसरं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याच्या मागणीवर विश्वास ठेवू नका, मग तो आपल्या भाषेचा का असेना.