आधी पावसाळा उतरवा, मग बोजा चढवा

कोजागिरी झाली की खामगावच्या माझ्या गॅरेजात जुन्या फोर बाय फोर जिपा यायला लागतात. सोयाबीन घरात येऊन पडलेलं असतं, कापसाची वेचणी सुरू झालेली असते, मागून तुरी उभ्या असतात. पांदण रस्ता वरून सुकल्यासारखा दिसतो, पण काळ्या जमिनीचा चिखल आत ओलाच असतो. पिकअप तिथे पोटापर्यंत रुतते. म्हणून तीस-पस्तीस वर्षांच्या एमएम ५४० अजून शेतावर टिकून आहेत. विलीज जिपेच्या घराण्यातली ही महिंद्राची गाडी, पोटात प्यूजोच्या बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. नीट ठेवली तर अजून वीस वर्षं चालेल, असं मी जबाबदारीने म्हणतो.

गाडी आणणारा प्रत्येक जण म्हणतो, "भाऊ, थंडीच्या आधी एकदा पाहून घ्या." मी ऐकून घेतो आणि पाहतो मात्र पावसाळा. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली थंडी काही हिमालयातली नव्हे. बुलढाणा घाटावर, तिथे पहाटे जरा जास्त झोंबते. खाली मलकापूर-नांदुऱ्याकडे कमी. गाडीचा घात करतं ते चार महिने आत शिरून बसलेलं पाणी. डिसेंबरातली पहाट फक्त ते उघड करते.

गेल्या वर्षी मोताळ्याकडचे एक काका जीप घेऊन आले. तक्रार एवढीच, की मागून घरघर येते. मी खाली सरपटलो, मागच्या एक्सलच्या हाउसिंगचा ड्रेन प्लग सैल केला आणि हाताखालच्या पोराला ट्रे धरायला लावला. ऑइल आलंच नाही. आधी आलं ते गढूळ पाणी, पेलाभर तरी असेल. मग ताकासारखं पांढुरकं, फेसाळ काहीतरी, आणि अगदी शेवटी काळं ऑइल. पाणी जड म्हणून ते तळाशी बसतं आणि प्लग उघडला की तेच आधी येतं. प्लगच्या टोकाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटला होता. बोटांत चोळला तर कचकच लागायचा.

"एवढं पाणी गेलं कुठून बाप्पा?" काकांनी विचारलं.

"काका, नाल्यातून गाडी काढली असेल ना?"

"काढली, चार-पाच डाव."

धावून तापलेलं हाउसिंग थंडगार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. वर ब्रीदर असतो, पण तो चिखलाने बुजलेला असला की पाणी ऑइल सीलमधून आत जातं. काकांचा ब्रीदर खिळ्याने टोकरून मोकळा करावा लागला. म्हणून पावसाळ्यानंतर दोन्ही हाउसिंग, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचं ऑइल उतरवून बघा. पांढरट असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, बदला. चारही ड्रम उघडा. आत काळी माती विटेसारखी जमलेली सापडेल, आणि ब्रेक एका बाजूला का ओढतो तेही कळेल.

डिझेलचंही तसंच. थंडीत डिझेल गोठेल का, हा प्रश्न मला दरवर्षी येतो. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळ्यात विकलं जाणारं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टर न चोंदता वाहिलं पाहिजे. उन्हाळ्यातल्या डिझेलला हीच मर्यादा १८ अंशांची आहे. म्हणजे पंपावरच्या ताज्या डिझेलची चिंता नको. शेतावरच्या ड्रममध्ये मे महिन्यापासून पडून असलेल्याची करा. पहाटेच्या गारठ्यात त्याचं मेण फिल्टरवर धरू शकतं, आणि ड्रमच्या तळाला पाणी असतंच. ते डिझेल दिवाळीआधीच संपवून टाका. टाकीचा तळ झाडून घ्या, फिल्टर बदला आणि शेवटी एअर नीट काढा.

सकाळी गाडी लागत नाही म्हणून धक्के मारणारे पुष्कळ. या इंजिनाला हीटर प्लग लागतात. चारातले दोन मेले तरी ऑक्टोबरात गाडी लागते, जानेवारीत अडते. प्रत्येक प्लग वेगळा तपासा. बॅटरीचं ॲसिड हायड्रोमीटरवर १२४० ते १२६० दाखवत नसेल तर ती आधी चार्ज करा. आणि इंजिनाकडून चासीकडे येणारी अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा. निम्म्या गाड्या माझ्याकडे एवढ्यावरच बऱ्या होतात.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या मंडळींना एक वेगळं सांगणं आहे. तुम्ही खारपाणपट्ट्यातले. विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. त्याचे क्षार आत धरतात, नळ्या बुजतात, आणि ऐन बोजा घेऊन राजूर घाट चढताना इंजिन तापतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट आणा. हेड बसवण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

आता बोजा. गाडीत किती मावतं हे सगळे बघतात, वजन कुठे पडतं हे फारच थोडे. या जिपेच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये ९१ इंचांचं अंतर आहे. १०० किलो माल मागच्या एक्सलच्या २४ इंच मागे ठेवला, तर मागे १२६ किलो भार येतो आणि पुढच्या चाकांवरून २६ किलो उचलला जातो. घाटात स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळेच. चाक वळवलं तरी गाडी सरळच जाऊ पाहते. म्हणून सोयाबीनचे कट्टे ड्रायव्हरच्या पाठीला टेकवून खाली, हलका माल वर, आणि मागच्या फळीवर काहीच नाही.

कापसाचं उलटं. तो हलका, पण डोंगराएवढा होतो. उंच रचला की वाऱ्याला झुलतो आणि पांदणीवर लोंबणाऱ्या विजेच्या तारांना भिडतो. दोर आडवा न बांधता फुली मारून बांधा. दोन किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा ओढा, कारण तोवर माल बसलेला असतो. सायलेन्सरच्या नळीपासून कापूस लांब ठेवा. आणि दव असताना वेचलेला माल तसाच ताडपत्रीखाली रात्रभर कोंडू नका. सीसीआयच्या, म्हणजे कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ८ टक्क्यांच्या वर ओल निघाली की भाव कापतात, १२ च्या वर घेतच नाहीत.

जॅक, व्हील पाना, टॉर्च, ओढायचा दोर, पाण्याचा कॅन आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी हे सगळं एका पेटीत घालून हाताशी ठेवा. बहुतेकांचा जॅक दहा कट्ट्यांच्या खाली असतो. बोथ्याच्या रस्त्यावर, ज्ञानगंगा अभयारण्यात रात्री पंक्चर झालं आणि माल उतरवत बसावं लागलं, तर काय वाटतं ते मला ठाऊक आहे. टिपेश्वरहून चालत निघालेला वाघ २०१९ च्या डिसेंबरात याच जंगलात पोचला होता.

आणखी एक, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही. वेचणीहून परतणाऱ्या बायांना मालावर बसवू नका. त्यांना धरायला दोराशिवाय काही नसतं, आणि वळणावर माल सरकला की आधी त्या खाली येतात. दुसरी फेरी करा, डिझेल जाऊ द्या.

ताडपत्री बांधून झाली की निघण्याआधी गाडीच्या मागे दहा पावलं जाऊन उभे राहा, दिवे लावायला सांगा आणि दोन्ही लाल दिवे ताडपत्रीखाली दबले नाहीत ना, हे डोळ्यांनी बघा.