पाच गोळ्या, सहा घरं

मराठीच्या मास्तराला रिव्हॉल्व्हरचं काय पडलंय, असं तुम्ही म्हणाल. आमची ही तर गेले दोन दिवस म्हणतेच आहे. "ज्ञानेश्वरीवर लिहा, आंब्याच्या लोणच्यावर लिहा, हे काय भलतंच?" पण परवा मुलीचा फोन झाल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. लिहिल्याशिवाय जाणारही नाही.

पूर्वपीठिका अशी की शाळेत मराठीच्या जोडीला माझ्याकडे एन.सी.सी. होती. हेडमास्तरांनी गळ्यात घातली म्हणून घेतली, कामठीला जाऊन ट्रेनिंग घेतलं आणि मग गोडी लागली. पोरांना .२२ रायफलचं फायरिंग असायचं. प्रत्येकाला मोजून पाच गोळ्या. त्या मोजून द्यायच्या, रिकामी काडतुसं मोजून परत घ्यायची. एक कमी पडली तर सगळी पलटण गवतात वाकून शोधतेय, हे दृश्य माझे जुने विद्यार्थी विसरले नसतील.

या .२२ च्या काडतुसाची एक गंमत आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक वेगळी टोपी बसवलेली असते, तिच्यावर ठोका बसला की बार उडतो. .२२ ला तशी टोपी नसते. ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेतच, त्या घडीमध्ये भरलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेपते आणि बार होतो. म्हणून याला रिमफायर म्हणतात. कड चेपली जावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो, आणि एकदा वापरलेलं काडतूस पुन्हा भरता येत नाही. स्वस्त आणि मवाळ. शिकाऊ माणसाची गोळी म्हणा ना. मवाळ म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे मात्र पोरांना दर वेळी ओरडून सांगावं लागे.

असो. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे पेनसिल्व्हेनियाला गेलो होतो, सहा महिन्यांसाठी. गाव छोटं. तिथे हरणांच्या शिकारीच्या सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी शाळांना सोमवारची सुट्टी असते हे ऐकून मी चाट पडलो. आपल्याकडे बैलपोळ्याला देतात तशी! शेजारी एक म्हातारबुवा राहायचे. वय ऐंशीच्या पुढे, जन्मभर कारखान्यात लेथवर काम केलेले. त्यांचा मुलगा आणि सून पलीकडच्याच रस्त्यावर. आमचा नातू आणि त्यांचा नातू एका वर्गात, त्यामुळे जाणं-येणं. माझं इंग्रजी तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्या बोलण्यातला निम्मा भाग नातू मराठीत सांगायचा, उरलेला निम्मा मी हातवाऱ्यांवरून लावायचो. मी .२२ चं फायरिंग शिकवायचो हे कळल्यावर मात्र बुवांनी थेट आतून एक डबा आणला.

जावयांनी मला आधीच बजावलं होतं, "बाबा, बघा, पण हातात घेऊ नका." पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने शस्त्र बाळगणं तिथल्या केंद्रीय कायद्यात बसत नाही. शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण ते आपल्यासाठी नव्हेत. म्हणून हात पाठीमागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसारखं मी ते रिव्हॉल्व्हर बघितलं.

रुगर कंपनीचं सिंगल-सिक्स. हे मॉडेल १९५३ साली बाजारात आलं. कोल्ट कंपनीचं १८७३ चं जे प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर, काऊबॉयच्या सिनेमात दिसतं तेच, त्याच्या धर्तीवर पण आकाराने जरा लहान आणि .२२ साठी. कोल्टने महायुद्धाच्या सुमारास आपलं ते रिव्हॉल्व्हर बनवणं बंद केलं होतं, आणि नेमका तेव्हा टीव्हीवर काऊबॉयचा सुळसुळाट झाला. रुगरने संधी साधली. बुवांचं साठच्या दशकातलं, वडिलांनी घेऊन दिलेलं. निळसर काळं पोलाद, कडांना झिजून चांदी आलेली. बाजूला तीन स्क्रूंची डोकी दिसत होती. त्या स्क्रूंवर बोट ठेवून बुवा म्हणाले (नातवाच्या भाषांतरात), "हे तीन स्क्रू म्हणजे खरं रिव्हॉल्व्हर. पुढच्यांना दोन पिना आहेत. ती खेळणी."

मग त्यांनी रिकामं आहे हे दोनदा दाखवून घोडा अंगठ्याने हळूहळू मागे ओढला. टक्... टक्... टक्. तीन ठिकाणी थांबत. काय सांगू, तो आवाज जुन्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देताना यायचा तसा होता.

त्यांच्या मुलाने त्याच वसंतात रुगरचंच नवं रँग्लर घेतलं होतं. एप्रिल २०१९ मध्येच ते निघालं होतं, छापील किंमत अडीचशे डॉलरला एक कमी. दिसायला तसंच काऊबॉयचं, सहा गोळ्यांचं. पण सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि निळ्या पॉलिशऐवजी वर रंगासारखा सिरॅमिकचा थर. अंगणातल्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि बापलेकांची जुंपली. मी चहा पीत ऐकत होतो.

बुवांचं म्हणणं, हा ॲल्युमिनियमचा डबा पन्नास वर्षांनी कोण जपून ठेवेल? मुलाचं म्हणणं, .२२ ला पोलादाचं ओझं लागतंच कुठे? आणि जपून कशाला ठेवायचं, वापरायचं. मग मुलाने हळूच एक ठेवणीतला मारला. "डॅड, तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीचा सांगाडा कशाचा आहे?" बुवा गप्प. तोही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचाच! वर रंग काळा, म्हणून कळत नाही. इतकंच नाही, कोल्टच्या मूळ रचनेतल्या चपट्या स्प्रिंगा मोडायच्या म्हणून रुगरने १९५३ लाच गुंडाळीच्या स्प्रिंगा घातल्या होत्या. म्हणजे आज परंपरा म्हणून मिरवतं ते त्या काळी सुधारणा म्हणूनच विकलं गेलं होतं. त्याहून मागे गेलात तर मौज आणखी वाढते. स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये पहिलं .२२ रिमफायर रिव्हॉल्व्हर काढलं, तेव्हा बाकी बहुतेक सगळे सिलिंडरमध्ये दारू ठासून, वर गोळी बसवून, मागे टोपी लावून बार काढत होते. आरपार भोकांच्या सिलिंडरचं पेटंट रोलिन व्हाइट नावाच्या माणसाकडे होतं, १८५५ चं. स्मिथ अँड वेसन त्याला दर रिव्हॉल्व्हरमागे पंचवीस सेंट द्यायचे. १८६९ ला पेटंट संपेपर्यंत इतरांचे हात बांधलेले. रिमफायर ही त्या वेळची सगळ्यात आधुनिक चीज होती, आणि आता तिच्यावरून जुनं-नवं करतायत.

नव्याबद्दल बुवांच्या काही तक्रारी मला पटल्या, हे सांगायला हवं. हल्लीच्या काही स्मिथ अँड वेसनवर बाजूला एक बारीक किल्लीचं भोक असतं, आतलं कुलूप. ते बघून बुवा नाक मुरडायचे. एका दुसऱ्या कंपनीच्या स्वस्तातल्या काऊबॉय रिव्हॉल्व्हरला घोड्याशेजारी चक्क सेफ्टीचा खटका आहे. मूळ रचनेत त्याला जागाच नाही, मंगळसूत्रात सेफ्टी पिन अडकवल्यासारखा दिसतो. आणि जी नुसता चाप ओढून चालतात, घोडा अंगठ्याने ओढावा लागत नाही, त्यांची .२२ मध्ये वेगळीच अडचण. ती कड नीट चेपायला ठोका जोरात लागतो, म्हणून स्प्रिंग कडक, म्हणून चाप जड. आठ-दहा गोळ्या बसतात हे खरं, पण बोट दुखतं आणि नेम हलतो. अंगठ्याने घोडा ओढणाऱ्या जुन्या रचनेत जड काम अंगठा करतो, चापाला फक्त सोडायचं काम. शिकणाऱ्यासाठी तेच बरं, असं माझंही मत पडलं. मास्तर म्हणून.

पण खरा वाद तो नव्हता. तो सुनेने काढला.

जुन्या तीन स्क्रूवाल्या रचनेत घोडा खाली असताना तो फायरिंग पिनवर टेकलेला असतो आणि पिन काडतुसाच्या कडेवर. घोड्याखालच्या घरात गोळी असेल आणि रिव्हॉल्व्हर हातातून घोड्यावर पडलं, तर बार उडू शकतो. म्हणून जुन्या लोकांचा नियम, सहा घरं पण गोळ्या पाच. घोड्याखालचं घर रिकामं. भरायचीसुद्धा एक रीत आहे, बुवांनी ती मला परवचा म्हणतात तशी म्हणून दाखवली. घोडा अर्ध्यावर घे, एक भर, एक सोड, चार भर, घोडा पूर्ण मागे घे आणि अंगठ्याने हळू खाली सोड. रिकामं घर बरोबर घोड्याखाली येतं. सगळेच काही ही रीत पाळत नव्हते. माणसं जखमी झाली, कोर्टकज्जे झाले, आणि १९७३ मध्ये रुगरने रचना बदलली. आता घोडा आणि पिन यांच्यात एक पट्टी असते. चाप ओढलेला असेल तरच ती वर येते आणि घोड्याचा ठोका पिनेपर्यंत पोचवते. चाप सोडला की पट्टी खाली, घोडा पिनेला शिवतच नाही. सहाच्या सहा भरा, पडलं तरी काही नाही. आणि भरायला घोडा अर्ध्यावर घ्यावा लागत नाही, बाजूचं झाकण उघडलं की सिलिंडर मोकळा फिरतो.

पुढे कंपनीने जुन्या गिऱ्हाइकांनाही सांगितलं की तुमचं रिव्हॉल्व्हर पाठवा, आम्ही आतले भाग फुकट बदलून देतो. काढलेले जुने भागसुद्धा पिशवीत घालून परत देतात. सुनेचं म्हणणं एवढंच होतं की पाठवा. घरात पोरं येतात-जातात.

बुवा ऐकेनात. आतले भाग बदलले की ते तीन टक् जातात. घोड्याची ओढ बदलते. संग्राहकांकडे किंमतही उतरते म्हणे, पण ते निमित्त. "मी साठ वर्षं पाच भरतोय," ते म्हणाले. "लोखंडाला अक्कल देण्यापेक्षा माणसाला द्यावी." हे वाक्य मला फार आवडलं. त्या वेळी मी मनातून पूर्ण त्यांच्या बाजूचा होतो. रेंजवर पोरांना मी दुसरं काय शिकवत होतो? शिवाय आदल्याच वर्षी मुलीने भारतात येऊन आमच्या गॅसला आपोआप बंद होणारं टायमरचं बटण बसवलं होतं, दोनदा दूध करपलं एवढ्यावरून. त्याचा राग माझ्या डोक्यात होताच. मी बुवांना म्हणालोही, माझ्या मोडक्या इंग्रजीत, की तुमचं बरोबर आहे. ते खूश झाले. सुनेने माझ्याकडे बघितलं ते मात्र अजून लक्षात आहे.

नोव्हेंबरात आम्ही परतलो, मग करोना आला, पुन्हा जाणं झालं नाही. नाताळला बुवांचं कार्ड यायचं. अक्षर दर वर्षी थोडं अधिक वाकडं.

मुलीने परवा फोनवर सांगितलं ते असं. बुवांना हल्ली फारसं आठवत नव्हतं, म्हणून मुलाने त्यांना स्वतःच्या घरी हलवलं. सामान आवरताना पलंगाशेजारच्या कपाटाच्या खणात तो डबा निघाला. मुलाने झाकण उघडून एकेक काडतूस दांडीने बाहेर ढकललं. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि सहावं.

त्या खणाला कुलूप नव्हतं. आमचा नातू आणि त्यांचा नातू त्या खोलीत कितीदा खेळले असतील, याचा हिशोब मुलीने माझ्यासमोर मांडला नाही. मीच रात्रभर मांडत होतो.

मुलाने रिव्हॉल्व्हर कंपनीकडे पाठवलंय. बुवांना सांगितलं का, असं मी विचारलं. सांगितलं म्हणे. ते काही बोलले नाहीत, फक्त जुने भाग परत येतील ना, एवढं दोनदा विचारलं.

मी मुलीला म्हटलं, त्यांच्या सुनेला माझ्यातर्फे सॉरी सांग. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच लिहा ना. चार ओळी इंग्रजीत जमतील तुम्हाला." लिहायला बसलोय. तीन ओळी झाल्यात.