‘छावा’ पाहताना

लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ २०२५ साली पाहिला. शेवटी संभाजीराजांचे हाल सुरू झाले, तशी शिट्ट्या घालणारी माझ्या वर्गातली पोरे एकाएकी गप्प झाली. शेजारचे म्हातारबुवा उपरण्याने डोळे पुशीत होते. दिवे लागताच कोणीतरी गारद म्हटली. सारे थिएटर उभे राहिले. मीही. कंठ दाटला होता, खोटे कशाला बोलू?

पण राजे लेझीम खेळतात तो प्रसंग लोकांच्या आक्षेपांमुळे आधीच गाळला होता. राजाने नाचू नये म्हणे! बत्तिसाव्या वर्षी मारला गेलेला हा राजा संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहून गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात तेवढे सांगितले.

एका पोराने विचारले, “गुरुजी, राजांचं अक्षर कसं होतं?”