भेकराचा आवाज

ओतूरहून माळशेजकडे निघालं की डिंगोरे, मढ मागे पडतं आणि पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसू लागतं. दिवाळीच्या सुट्टीत अब्बा, मी आणि माझा लेक या वाटेने गेलो. माझे आजोबा, आमचे बडे अब्बा, याच डोंगरांत शिकारीला जात. तेव्हा धरण नव्हतं आणि 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदाही नव्हता. आज हरीण मारणं गुन्हा आहे.

मगरिबनंतर रस्त्याकडेला थांबलो होतो. झाडीतून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज आला.

“भेकर,” अब्बा म्हणाले.

लेकाने मोबाइलची बॅटरी लावली.

“बंद कर ती!” अब्बा कधी नव्हे ते ओरडले. मग हळूहळू सांगू लागले.

दहा वर्षांचे असताना बॅटरी धरायचं काम त्यांच्याकडे होतं. उजेड डोळ्यांवर पडला की जनावर जागीच खिळतं. बार झाला. बडे अब्बांनी धावत जाऊन ‘बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर’ म्हणत जबह केलं. मटण शेजारीपाजारी वाटलं.

“मीही खाल्लं. पण ते माझ्या उजेडाकडे बघत उभं होतं. पुन्हा कधी गेलो नाही.”

“नाना, मग बडे अब्बा वाईट होते?”

“नाही रे. घरात खाणारी नऊ तोंडं होती. आज अल्लाहच्या कृपेने आपलं ताट भरलेलं आहे. मग नुसत्या शौकासाठी जीव कशाला घ्यायचा?”

लेकाने मोबाइल खिशात ठेवला. आम्ही अंधारातच उभे राहिलो. आवाज पुन्हा आला, जरा लांबून.