शाळेने दिलेली तारीख

खेड्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या कितीतरी माणसांची जन्मतारीख १ जून आहे. माझीही. आई सांगायची, मी बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झालो. ओढ्याला पूर आलेला, सुईण पलीकडच्या वाडीत अडकलेली. साल-तारीख लिहून ठेवायला घरात कुणाला अक्षरओळख नव्हती. मग शाळेत गुरुजींनी मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. बोटे कानाला टेकली तसा त्यांनी टाक दौतीत बुडवला. शाळा जूनमध्ये भरते, तेव्हा पोराचे वय पुरे भरलेले हवे, म्हणून १ जून.

शाळा तेव्हा स्कूल बोर्डाची होती. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि पाटी बदलली. तारीख राहिली. हायस्कूलचा प्रवेश, नोकरी, पासपोर्ट, जिथे जावे तिथे आधी शाळेचा दाखला. १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी आमच्या कचेरीत एकाच टेबलावर नारळांची रास लागली होती. सगळे कुठल्या ना कुठल्या गुरुजींनी जन्माला घातलेले.

निवृत्तीनंतर शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधले माझे पान पाहिले. निळी शाई तपकिरी पडली आहे, ‘ज’चा फाटा मात्र अजून ठसठशीत. शेवटचा रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा. माझ्यापुढे ‘पुढील शिक्षणासाठी’. माझ्याशेजारी बसणारा, पाढे माझ्याआधी पाठ करणारा मुलगा चौथीतच गेला. त्याच्यापुढे ‘सतत गैरहजर’. तो गैरहजर नव्हता, पाटलाच्या म्हशींमागे होता. हे लिहायला रकाना पुरत नाही, आणि ते मला अजून टोचते. त्याच्या बहिणीचे तर रजिस्टरात नावच नाही.

२०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा या रजिस्टरांची किंमत पुष्कळांना कळली. आमच्या शाळेत ती लोखंडी कपाटात आहेत, पण खालच्या कप्प्याला ओल धरते आणि कसर पानांच्या कडा खाते आहे. गावातल्या निम्म्या घरांचा पहिला लेखी पुरावा तिथे आहे. आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आहे. मुख्याध्यापकबाईंनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज दिला आहे. रजिस्टर शाळेबाहेर नेता येत नाही, म्हणून साताऱ्याचा बाइंडर दिवाळीच्या सुट्टीत इथेच येऊन बसेल, आणि पाने लावून द्यायला मी त्याच्याशेजारी.