मीटर नको, पत्रा बघ

कोल्हापूर
12 फेब्रुवारी 2026

चि. सौ. मेधा हिस,


तुझ्या वॅगनआरच्या एस्टिमेटचा फोटो मिळाला. मिस्त्रीचं अक्षर लावायला वेळ लागला, पण शेवटचा आकडा त्याने चांगला ठसठशीत काढलाय: 58 हजार. त्याखाली तुझा प्रश्न, "मामा, करू की विकू?" आणि त्याखाली मंदाररावांचा शेरा, "2 लाख 14 हजार किलोमीटर झाले, आता पुरे." फोनवर मी काहीतरी हो-नाही बोलून गेलो असतो आणि तू त्यातलं तुला हवं तेवढंच जावईबापूंच्या कानावर घातलं असतंस. म्हणून लिहून पाठवतोय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

आधी त्या मीटरचं. इंजिनाची सर्वांत जास्त झीज होते ती थंड इंजिन सुरू केल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत. तू चिपळूणहून निघतेस ती थेट शृंगारतळीला शाळेच्या दारात थांबतेस. मुंबईत बाजारहाट करत दिवसातून दहा वेळा बंद-चालू होणाऱ्या गाडीचे लाखभर किलोमीटर तुझ्या दोन लाखांपेक्षा वाईट असू शकतात. ऑइल तू वेळच्या वेळी बदलतेस हे मला माहीत आहे. त्यासाठी दरवेळी मला फोन करतेस आणि मी दरवेळी तेच उत्तर देतो. तेव्हा नुसत्या मीटरकडे बोट दाखवून गाडी म्हातारी ठरवू नका.

आता एस्टिमेटमधला सर्वांत मोठा आकडा: इंजिनकाम, 24 हजार. कारण काय लिहिलंय, तर "धूर". अरे, धूर कधी आणि कसला? काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. गरम इंजिनातून पांढरा दाट धूर येत राहिला तर कूलंट जळतंय, आणि निळा म्हणजे ऑइल. तू लिहितेस की सकाळी सेल मारल्यावर निळसर लोट येतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाईतो थांबतो. मग ते ऑइल रात्रभर व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपलेलं आहे. रिंगा गेल्या असत्या तर घाटात जोर देताना मागे निळा पडदा लागला असता. तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मिस्त्रीला म्हणावं, चारही प्लग काढ आणि कॉम्प्रेशन मोज. एखाद्या सिलिंडरचं कमी भरलं तर त्याच भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. काटा वर चढला तर रिंगा झिजल्या. जागचा हलला नाही तर गळती व्हॉल्व्हकडची. अर्ध्या तासाचं काम आहे. हे न करता जो इंजिन उघडायला निघतो, त्याला इंजिन उघडायचंच आहे असं समज. चारही आकडे एकमेकांच्या जवळपास असले तर हे 24 हजार सरळ खोडून टाक. सर्व्हिसच्या मध्ये थोडं ऑइल वरून घालावं लागेल, ते घाल. डिकीत डबा ठेव आणि दर रविवारी डिपस्टिक बघ.

क्लच 7 हजार 500 आहे, तो कर. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदल. नुसती प्लेट टाकून हजार-दीड हजार वाचवायला जाशील आणि बेअरिंग कुरकुरायला लागलं की तोच गिअरबॉक्स परत उतरवायचा, तीच मजुरी परत द्यायची. टायमिंग बेल्टचे 3 हजारही दे. तो तुटण्याआधी आवाज करत नाही, खूण देत नाही, आणि तुटला की गाडी जागेवर उभी. कुंभार्ली घाटात रात्री आठला ते नको. समोरच्या लोअर आर्म आणि शॉकअपचे साडेआठ हजार आहेत, त्यात तर घासाघीससुद्धा करू नकोस. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं होतं, आणि ते कुठल्या वळणावर होईल हे कुणी सांगू शकत नाही. राहिलं डेंटिंग-पेंटिंग, 15 हजार. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

मी दापोडीच्या कार्यशाळेत होतो तेव्हा रोज बघायचो: चासी उभी असायची आणि तिच्यावर आम्ही बॉडी चढवायचो. बसचं ते बरं असतं. बॉडी कुजली तर उतरवा, चासी धड असेल तर दुसरी बांधा. एसटीने जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॉड्या काढून त्याच चासींवर लोखंडी बॉड्या बांधल्या आणि त्या गाड्या पुन्हा आगारात धाडल्या. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, सगळं बदलता येतं. पण तुझ्या वॅगनआरला वेगळी चासी नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. इंजिन पडलं तर इथे उद्यमनगरात बोअर करून, क्रँक घासून आणता येईल; दुसरं इंजिनही बसवता येईल. पत्रा सडला की मात्र गाडी संपली, मीटरवर 60 हजार असले तरी.

आणि तू राहतेस कोकणात. चार महिने पाऊस, शाळेकडे खारं वारं, शिवाय गाडी फणसाखाली लावतेस. पानं-काटक्या काचेच्या खालच्या जाळीत साचतात, पाणी जायची भोकं बुजतात, आणि ते पाणी दारांत नि दाराखालच्या सिलमध्ये तुंबतं. चाकांवरच्या कमानीत तांबडी माती बसते ती दिवाळीपर्यंत ओली असते. वरून रंग चकचकीत आणि आत वाळवी लागलेल्या वाशासारखी गत. म्हणून डेंटिंग-पेंटिंगवाल्याच्या हातात गाडी देऊ नकोस. तो गंजावर पुट्टी भरेल, रंग मारेल, आणि जे दिसायला हवं तेच झाकून टाकेल.

त्याऐवजी एक सकाळ काढ. ज्या गॅरेजात गाडी वर उचलायची सोय आहे तिथे ने आणि तू स्वतः खाली वाकून बघ. मिस्त्रीला एकट्याला बघू देऊ नकोस. आतले पायपोस, गालिचा उचल. खालचा पत्रा अंगठ्याने दाब. मग एक जाड स्क्रूड्रायव्हर घे आणि त्याच्या मुठीने दाराखालचा सिल पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. भद्द वाजेल तिथे टोकाने टोचून बघ. जॅक लावायच्या जागा, पुढच्या शॉकअपचं वरचं टोक जिथे बॉनेटखाली बसतं ते कप, आणि मागचा अ‍ॅक्सल जिथे बॉडीला धरलेला आहे त्या जागा. या ठिकाणी टोक आत गेलं तर तिथेच थांब. मग क्लचही नको, बेल्टही नको. एक रुपया घालू नकोस. दाराचा खालचा काठ किंवा मडगार्ड कुरतडलं असेल तर ते फक्त कुरूप आहे, त्याने गाडीचं काही अडत नाही.

तिथे असताना ब्रेकच्या लोखंडी नळ्याही बघून घे. मिस्त्रीने त्या एस्टिमेटमध्ये धरलेल्याच नाहीत, आणि मला सर्वांत जास्त धास्ती त्यांचीच आहे. त्या तळाशी असतात, त्यांच्यावर सतत चिखल उडतो, आणि बाहेरून गंजत गंजत एक दिवस जोरात ब्रेक दाबताना फुटतात. फोड आलेले दिसले तर नळ्या बदल, ब्रेक ऑइलही बदल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यासोबत पेट्रोलच्या रबरी नळ्याही नव्या टाक. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आमच्याकडच्या साखर कारखान्यांचं त्यात भलं आहे, पण तुझ्या 2007 च्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. नळीला चिरा पडल्या आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर काय होईल ते मी सांगायला नको. हे सगळं पाचेक हजारांत बसेल.

म्हणजे तुझे 58 हजार 24 हजारांवर येतात.

आता मंदारराव म्हणतील, एजंट गाडीचे 40 हजार देतोय, तिच्यावर 24 हजार घालायचे? हा हिशेब गावात सगळे मांडतात आणि मला तो कधीच पटला नाही. गाडीची बाजारातली किंमत काय याच्याशी तुला काय करायचंय? तुला बघायचंय ते हे, की विकून आलेल्या पैशांत भर घालून तुला काय मिळेल. 40 आणि 24, म्हणजे 64 हजारांत जी गाडी दारात येईल तिचा पूर्वेतिहास कुणाला ठाऊक? 22 जुलै 2021 ला तुमच्या बाजारपेठेत वाशिष्ठीच्या पाण्यात टपापर्यंत बुडालेल्या गाड्या तू डोळ्यांनी पाहिल्यास. त्या सगळ्या भंगारात गेल्या असतील असं मला वाटत नाही. (कुणाला जुनी गाडी घ्यायची असेल तर सांगून ठेव: सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा. पुराचा गाळ सर्वांत शेवटी तिथे सापडतो.) तुझ्या गाडीची दुखणी निदान तुला माहीत आहेत.

पण तूही एक चुकीचा मुद्दा मांडलायस. "गेल्याच वर्षी चारही टायर आणि एसीचं काम केलं, मग आता कशी विकायची?" ते पैसे गेले, मेधा. गाडी ठेवलीस तरी ते परत येणार नाहीत, विकलीस तरी नाहीत. टायर नवे आहेत याचा अर्थ एवढाच की यंदा टायरचा खर्च नाही.

नव्या गाडीचं गणित मी मांडून बघितलं. 2025 च्या सप्टेंबरात छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे मंदाररावांना घाई झालीय ते समजतं. तरी 5 लाखांचं कर्ज, 9 टक्के, पाच वर्षं धरलीस तर हप्ता 10 हजार 400 च्या आसपास. वर्षाला सव्वा लाख, विमा वेगळा. जुन्या गाडीचे आत्ताचे 24 हजार आणि पुढच्या सव्वा वर्षात निघतील असे आणखी 16 धरू. महिन्याला 2 हजार 700 पडतात. नुसत्या पैशांचा प्रश्न असता तर मी हे पत्र इथेच संपवलं असतं.

जावईबापूंचा एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो त्यांनी मांडलाच नाही, मीटरवरच अडून बसले. तुझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. 2019 च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. तू रोज त्या वळणांच्या रस्त्याने जातेस, पावसाळ्यात समोरून डंपर येतात, आणि तुमची चि. आर्या शेजारच्या सीटवर असते. कुठलाही मिस्त्री कितीही पैसे घेऊन ही उणीव भरून देऊ शकत नाही. गाडी बदलायचं कारण विचारशील तर माझ्या लेखी हे एकच आहे. आर्याला आजपासून मागे बसव आणि बेल्ट लाव, तिने कितीही तोंड फुगवलं तरी.

कायद्याची भीती कुणी घातली असेल तर ती काढून टाक. दिल्लीत गाडीच्या वयावरून जी धरपकड चालली होती तसं आपल्याकडे खासगी गाडीला नाही. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात गेल्या त्या टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे म्हणून. तुझी नोंदणी मे 2022 मध्ये पाच वर्षांनी वाढली, तेव्हा 5 हजार फी भरलीस. दोनच महिने आधी तीच फी 600 रुपये होती. आता 20 वर्षांपुढच्या चारचाकीला 10 हजार झाली आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि आरटीओची तपासणी आहेच. सरकारला जुन्या गाड्या नकोशा झाल्यात हे त्या आकड्यांवरून कळतं. त्यात सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही.

तर माझं मत असं. येत्या रविवारच्या आत गाडी वर उचलून तळ बघ. तळ सडका निघाला तर 40 हजारांना एजंटला देऊ नकोस. तो ती रंग लावून दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीच्या गळ्यात मारेल. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात घाल आणि तिथलं प्रमाणपत्र घे. नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते, आणि तुझ्या नावावरची नोंदणी रीतसर रद्द होते. तळ खणखणीत निघाला तर 24 हजारांचं काम कर, इंजिन आणि रंग सोड. याच महिन्यापासून 8 हजारांचं रिकरिंग उघड, म्हणजे तेवढं कर्ज कमी काढावं लागेल. मे 2027 ला नोंदणी संपते. ती पुन्हा वाढवायची नाही. त्या मार्चमध्ये नवी गाडी बुक करा, आणि रंग कुठला घ्यायचा ते मंदाररावांना ठरवू दे.

तुझा,
मामा